रिकाम्या दिसलेल्या कुपीचा हंगाम

अर्जदार : दिनकर महादेव उमरेडकर, वय पन्नाशीच्या पुढे, धंदा अर्जनविशी, राहणार ब्राह्मणपारा, रायपूर.
ज्यांच्याकरिता अर्ज : वसंत महादेव उमरेडकर, अर्जदाराचा थोरला भाऊ, लोखंडाच्या कारखान्यातील निवृत्त कामगार, राहणार बीरगांव.
साक्षीदार : वैशाली, अर्जदाराची भाची, मूळची नागपूरची, त्या काळी संशोधक; सौ. सुमन, अर्जदाराची पत्नी; साहूजी, प्रयोगशाळेचे स्टोअरकीपर.
घटनेचा काळ : राज्य नवे होते तेव्हाचा धानकापणीचा हंगाम.
विषय : मानवी रिसेप्टर प्रोटीन, कुपी एक.

तारखेचा रकाना मी जाणूनबुजून टाळला आहे. कचेरीसमोर बसून ज्याने आयुष्य काढले त्याने असे करू नये, हे मला समजते. तारीख नसलेला अर्ज बाबू हातातसुद्धा घेत नाही. परंतु मला जे लिहायचे आहे ते एका दिवशी घडलेले नाही. ते एका हंगामात घडले आणि तो हंगाम दर वर्षी परत येतो. आजही आला आहे. सकाळी गल्लीत नव्या दुबराज तांदळाचा वास होता. सुमनने गच्चीवर रखियाच्या बड्या, म्हणजे कोहळ्याचे सांडगे, वाळत घातल्या आणि त्यांवर माझे जुने धोतर पसरले. दुपारी तिने धोतर उचलून झटकले, तेव्हा त्यातून काळी भुकटी उडाली आणि उन्हात क्षणभर चमकली. थंडी पडू लागली की कारखान्यांचा धूर वर जात नाही, खाली बसतो. आमच्या शहरात हिवाळ्याची पहिली खूण गारव्याची नसते, तळपायाची असते. गच्चीवर अनवाणी फिरून यावे आणि पाय पाहावेत.

दिवसभर मी हिंदीत लिहितो. जमीन, नळ, पेन्शन, मारामारी, नावातली चूक, सर्व काही हिंदीत. शिक्षण माझे अकरावीपर्यंतच झाले, तेही शेवटची परीक्षा न देता. परंतु माझ्या हातचा मसुदा पाहून वकिलांनीसुद्धा विचारले आहे की हा कोणी लिहिला. हा लेख मात्र मी मातृभाषेत लिहीत आहे, कारण ज्याच्यासाठी तो आहे, तो माणूस रागावला की अजूनही मराठीतच रागावतो.

ते दिवस कसे होते, हे आजच्या मुलांना सांगून पटायचे नाही. आमचे रायपूर एका रात्रीत राजधानी झाले होते. रंगारी शिडी लावून कचेऱ्यांवरचे जुन्या राज्याचे नाव खरवडत आणि त्यावर नवे रंगवत. रंग ओला असतानाच खाली लोकांची रांग लागे. भोपाळला गेलेली प्रकरणे आता इथेच निघणार, या आशेने खेड्यांतून माणसे गाठोडी घेऊन येत. माझ्यासमोरच्या बाकावर जागा उरत नसे. एक म्हातारी मला म्हणाली होती, "लिख दे बेटा, राज नवा हे, अब तो सुनही." आता तरी ऐकतील, म्हणून मी लिहिले. त्या हंगामात मी जे जे लिहिले, ते कोणीतरी वाचणार आहे असे मलाही वाटत होते. असे वाटण्याचे सुख ज्याने एकदा भोगले, तो ते विसरत नाही.

त्याच आशेच्या हवेत माझी भाची वैशाली नागपूरहून आली. माझ्या बहिणीची थोरली मुलगी. एम.एस्सी. झालेली, चष्मेवाली, बोलताना हात हलवणारी. शहरात नव्याने उघडलेल्या एका प्रयोगशाळेत तिला ठरावीक मुदतीचे संशोधनाचे काम मिळाले होते आणि मामाचे घर असताना वसतिगृह कशाला, म्हणून ती आमच्या माडीवरच्या खोलीत राहिली. तिने येताना संत्र्यांची पेटी आणली. ती पेटी संपेपर्यंत घरभर संत्र्याचा वास आणि तो वास जाईपर्यंत घरभर तिची बडबड. आम्हाला मूलबाळ नाही. सुमन त्या दिवसांत स्वयंपाक करताना गुणगुणत असे, हे मी तेव्हा कोणाला सांगितले नाही, आता सांगतो.

एकदा वैशालीने बर्फाच्या निळ्या पिशव्या आणून आमच्या फ्रीजमध्ये कोंबल्या. सुमनने कमरेवर हात ठेवले.

"काय ठेवून राहिली वो हे? दुधाच्या बाजूले?"

"नुसत्या पिशव्या आहेत, मामी. थंड करून नेते. लॅबमधली लाइट जाते ना."

"याच्यात माणसाचं काही आहे काय? खरं सांग. वर देव आहेत."

"मामी, पाणी आहे त्याच्यात! आणि मी मागवलंय ना, ते माणसाचं असलं तरी कोणत्या माणसातून काढलेलं नाही."

सुमनने माझ्याकडे पाहिले. मी शिकलेला माणूस, या अर्थाने. मी घसा साफ केला आणि वैशालीला म्हणालो की तिने विषय मुद्देसूद मांडावा.

तिने तो पाटावर बसून, भाजी निवडता निवडता मांडला. शरीरात कुठे इजा झाली, धूळ गेली, जंतू शिरला, की तिथल्या पेशी निरोप धाडतात. त्या निरोपाला सायटोकाइन म्हणायचे. तो रक्तातून जातो. ज्या पेशीने तो ऐकायचा, तिच्या अंगावर त्याच्याच मापाची जागा असते. तो रिसेप्टर. निरोप तिथे बसला की पेशी कामाला लागते. सूज येते, ताप येतो. काही रिसेप्टर मात्र पेशीपासून सुटतात आणि रक्तात मोकळे फिरतात. ते निरोपाला वाटेतच धरतात. वर्षानुवर्षे आत आग धुमसत असेल, तर रक्तातल्या या मोकळ्यांची संख्या बदलते. ती मोजायची. आणि मोजायला माप लागते, म्हणजे तेच प्रोटीन, ठाऊक असलेल्या वजनाचे. ते माणसातून काढत नाहीत. माणसाच्या पेशीतली ते बनवण्याची सूचना उचलतात, दुसऱ्या पेशीत घालतात आणि ती पेशी परक्याची वस्तू आपली म्हणून बनवत राहते.

"म्हणजे दत्तक घेतलेलं," दारातून आवाज आला. वसंतदादा आला होता. रविवारी तो बीरगांवहून सायकलवर येई आणि आल्याबरोबर बोलत नसे, आधी चौकटीला टेकून श्वास घेई.

वैशाली हसली. "हो मोठे मामा, दत्तकच."

"मंग आडनाव कोणाचं लावते?"

"माणसाचंच."

"बरं आहे," दादा म्हणाला. "इथं जन्म देणाराच लावू देत नाही कधी कधी."

मला मात्र त्या दुपारी हसू आले नाही. मी अंतर्मुख झालो होतो. निरोप, तो घेणारी खिडकी आणि निरोपाला वाटेत धरून ठेवणारा मोकळा इसम! अरे, ही तर माझी कचेरी होती. माणूस माझ्याकडे येतो तेव्हा त्याच्या तोंडी शिव्या असतात, डोळ्यांत रक्त असते. तो सरळ साहेबाच्या दालनात शिरला तर आग लागेल. मी त्याला बसवतो, पाणी देतो, त्याची आग ऐकून घेतो आणि कागदावर लिहितो, सविनय निवेदन आहे की. त्याची सूज निम्मी उतरते. तेव्हा मला याचा अभिमान वाटला होता. आता वय झाल्यावर वाटते, वाटेत धरलेल्या त्या आगीचे शेवटी होते काय? रक्तात असे धरून ठेवणारे पुष्कळ झाले, तर आत काहीतरी जळते आहे याचीच ती खूण, असे वैशालीने सांगितले होते.

तिला माप हवे होते ते बीरगांवच्या कामगारांसाठी. शेजारच्या उरला औद्योगिक वसाहतीत भट्ट्यांमध्ये काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांत धूळ काय करते, हा तिचा विषय. सरळ कारखान्यात तिला कोण उभे करणार? ती दादाच्या घरी गेली. मीही गेलो, कारण संमतिपत्रांचा मसुदा माझा होता. पाळी सुटल्यावर दादाने आपले सोबती अंगणात गोळा केले. खाटेवर चादर, चादरीवर सुया, बाजूला केळी आणि बिस्किटे. वहिनी दारात उभी राहून प्रत्येकाला सांगत होती, "केळं खाल्ल्याबिगर उठायचं नाही भैया." एक जण सुई पाहून मागच्या मागे निघाला, तर दादाने त्याला कॉलरला धरून आणले. "भट्टीसमोर उभा राह्यतं, अन् सुईले भेतं का बे?"

स्वतःची पाळी आली तेव्हा दादाने बाही वर सरकवली आणि वैशालीला म्हणाला, "पोट्टी, लोखंडच निघन पाय. म्या जितकं बनवलं त्याहून जास्त खाल्लं."

सगळे हसले. ते हसणे खोकल्यात संपले, एकाचे, मग दुसऱ्याचे, जशी कुत्री एकामागून एक भुंकतात तसे. वैशाली नळीवर नाव लिहीत होती. तिची मान खाली होती. दादाने दंड कापसाने दाबून धरला आणि आवाज खाली आणून विचारले,

"मले एक सांगजो. हे खोकलणं माह्या बिडीचं आहे, का कारखान्याचं?"

वहिनी आतून म्हणाली, "बिडीचंच आहे. अजून विचारून राहिले!"

"म्या बिडी सोडली तेव्हा तुझा पोट्टा शाळेतही गेला नव्हता," दादा म्हणाला. "कारखान्याचा डॉक्टर बिडी लिहिते. ही बिडी म्हणते. मोहल्ल्यातला पोरगाही म्हणते, काका, बिडी. म्या म्हणतो, असंन बाप्पा. पण मोजून सांगा ना कोणी."

वैशालीने त्याच्यासमोर उकिडवे बसून उत्तर दिले. ते उत्तर प्रामाणिक होते, म्हणून मला आजही आठवते. "मोठे मामा, तुमच्या एकट्याच्या रक्तावरून नाही सांगता येणार. पण बिडी ओढणारे, न ओढणारे, भट्टीवरचे, भट्टीपासून दूरचे, सगळ्यांचं मोजून शेजारी शेजारी ठेवलं, तर काहीतरी दिसेल. जे दिसेल, ते मी तुम्हाला येऊन सांगेन."

"हव," दादा म्हणाला. "बिडीच निघाली तं तेही सांगजो. मंग मी हिच्याशी भांडणार नाही."

नळ्या प्रयोगशाळेतल्या खोल थंडीच्या फ्रीजरमध्ये गेल्या. माप परदेशातून यायचे होते. त्या वाट पाहण्याच्या दिवसांची चव माझ्या जिभेवर अजून आहे. संध्याकाळी वैशाली आणि मी पुरानी बस्तीकडून चालत येत असू. देवळांतल्या घंटा, गल्लीत तळणाचा वास, एखाद्या ओट्यावर नव्या धानाचे पोते फोडलेले. ती मला शाळकरी मुलाला समजवावे तसे समजवी आणि मी हूं हूं म्हणत तिच्यासमोर माझे अज्ञान सांभाळी. कधी मी तिला शिकवी. वरिष्ठांना लिहिताना क्रियापद शेवटी मऊ कसे ठेवावे, मागणी आधी मांडून रडगाणे मागून का गाऊ नये. ती म्हणे, "मामा, तुम्ही आमच्याकडे असता तर किती ग्रँट मिळाल्या असत्या!" मी ते नाकारले नाही.

पार्सल आले त्या दुपारी शेजारच्यांच्या फोनवर तिचा निरोप आला. स्टोअरमध्ये माल उतरवून घेत नाहीत, हिंदीत अर्ज लिहायचा आहे, लगेच या. मी दौत-लेखणीचा डबा घेऊन रिक्षाने गेलो. कोणाला तरी माझी विद्या हवी आहे, तीही प्रयोगशाळेला, या विचाराने माझी पाठ ताठ झाली होती.

स्टोअर म्हणजे लांबट खोली, वर गरगरणारा पंखा. टेबलावर थर्माकोलचा डबा उघडा, त्यातून पांढरी वाफ कडेवरून उतरत होती. टेबलामागे साहूजी. कपाळाला गंध, मनगटावर लाल धागा, बोलण्यात अदब. त्यांच्यासमोर पसरलेल्या कोऱ्या कागदावर बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी, तिचे झाकण बाजूला काढलेले. वैशाली भिंतीला टेकून उभी होती. तिचे ओठ पांढरे होते.

"आइए भैया," साहूजी म्हणाले. "आप ही देख लीजिए. दो आदमी के सामने खोला, उलटा किया, झटका. खाली है."

"अंकल, उसमें था," वैशाली म्हणाली.

"था, तो गया कहाँ, दीदी?"

वैशालीने वर पाहिले. "पंखे में."

खोलीत कोणी हसले नाही. नंतर तिने मला सांगितले की असे प्रोटीन गोठवून, वाळवून धाडतात. तळाशी असते, पण डोळ्यांना दिसत नाही. आरशावर सोडलेला श्वास असतो तितकेच. कुपी न उघडता गार ठेवायची आणि उघडायच्या आधी तळाशी बसवून घ्यायची असते. मी विचारले, झटकल्यावर थोडे उरले नसेल का? ती म्हणाली, "उरलंही असेल, मामा. पण किती, ते कोणाला माहीत? ज्यानं मोजायचं, तेच किती आहे ठाऊक नाही, तर मी बीरगांवचं काय मोजू?"

साहूजींना दोष देणारा अर्ज लिहायला मी बसलो होतो. लिहिता आला नाही. वैशाली बाहेर नळावर तोंड धुवायला गेली, तेव्हा ते माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "भैया, मैं पहले सीमेंट के गोदाम में था. बोरी गिनकर ली, खोलकर नहीं देखी. अंदर रेत निकली. साल भर घर बैठा रहा. तब से बिना देखे कुछ रजिस्टर में चढ़ाता नहीं. अब जो दिखता ही नहीं, उसको कैसे चढ़ाऊँ, आप बताइए." आमच्या सगळ्या कचेऱ्या याच नेमाने उभ्या आहेत. उघडा, उलटा करा, झटका, आणि काही पडले नाही तर लिहा की काही नव्हते. माझ्या बाकावर बसलेल्या किती माणसांना असेच झटकून पाहिले गेले असेल.

मग मी दुसरा अर्ज लिहिला, नव्या कुपीसाठी. माझ्या आयुष्यातला तो सर्वोत्तम मसुदा होता, असे मी आजही मानतो. कोणावर आरोप नाही, एकही शब्द जास्त नाही आणि तरी वाचणाऱ्याने खुर्चीत सावरून बसावे असा. तो आत गेला. कंपनीने कळवले, भरलेली पाठवली. स्टोअरने कळवले, रिकामी मिळाली. दोन्ही कागद खरे होते आणि खरे असल्यामुळे एकमेकांच्या अंगावर पडून राहिले. गच्चीवरच्या बड्या वाळून डब्यात गेल्या. पौष लागला, छेरछेराच्या सणाला पोरे दारोदार धान मागून गेली. वैशालीची मुदत संपली, ती वाढली नाही.

निघण्याच्या सकाळी तिला बीरगांवला जायचे होते, दादाला सांगायला. मी म्हणालो, नको, तुझ्याने बोलवणार नाही. ती तरीही गेली. परत आली तेव्हा हातात वहिनीने दिलेली नव्या तांदळाची पिशवी होती. मी विचारले, काय म्हणाला? ती म्हणाली, "म्हणाले, नळ्या आहेत ना फ्रीजरात, मंग काय घाई आहे. माप आलं की मोजजो." आणि ती रिक्षात बसून रडली. सुमन गल्लीच्या तोंडापर्यंत तिच्या रिक्षाबरोबर चालत गेली.

आता वैशाली पुण्याला असते. औषधांच्या कंपनीत आहे, मुलगा शाळेत जातो. मी फोन केला की तो "नानाजी, कैसे हो?" असे हिंदीत विचारतो, पुण्यात राहूनही, कारण मामा-आजोबांशी हिंदीतच बोलतात असे त्याने ठरवले आहे. मागच्या दिवाळीत मी वैशालीकडे विषय काढला. ती म्हणाली, "मामा, ते नमुने अजून थंड असतील तर वाचता येतील. मध्ये थंडी गेली असेल, तर नाही. पण कोणीतरी फ्रीजर उघडून पाहायला तर पाहिजे." प्रयोगशाळा जुन्या इमारतीतून नव्या रायपूरकडे हलली आहे. तिथले रस्ते रुंद, झाडे लहान, माणसे दूर दूर. मी दोनदा जाऊन आलो. पहारेकऱ्याने मला आदराने बाकावर बसवले आणि आदरानेच परत पाठवले. साहूजी कधीच निवृत्त झाले. फ्रीजर कोणत्या खोलीत गेला, हे कोणाला सांगता आले नाही.

आज रविवार. दादा सायकलवर येत नाही आता, त्याचा मुलगा मोटारसायकलवर आणून सोडतो. सुमनने नव्या भाताबरोबर बड्यांची भाजी केली होती. दादा दोन घास खाऊन थांबला, दम घेतला आणि विचारले, "वैशालीचं काही आलं का बे, दिन्या?"

हा प्रश्न तो दर वर्षी, या हंगामात, असाच विचारतो. त्यात टोमणा नसतो. वहिनीने पुष्कळ दिवसांपासून बिडीचे नाव काढणे सोडले आहे. वाद तिने सोडून दिला, त्याने नाही. कचेरीसमोर लोक मला म्हणतात, उमरेडकर भैयांच्या हातचा कागद परत येत नाही. माझ्या सख्ख्या भावाचा मात्र परतही आला नाही आणि पोचलाही नाही. आज मी त्याला म्हणालो, "येईल. मी लिहून राहिलो."

"लिही," तो म्हणाला. "पण लांब नको लिहू. वाचणारा कंटाळते."

करिता, ज्यांच्या ताब्यात सदर प्रयोगशाळेचा जुना फ्रीजर असेल, त्यांना नम्र विनंती की तो एकदा उघडून पाहावा. बीरगांवच्या कामगारांच्या रक्ताचे नमुने शिल्लक आणि वाचण्याजोगे असल्यास ते मोजण्यात यावेत. शेजारी शेजारी ठेवून जे दिसेल, ते कळविण्यात यावे. नमुने खराब झाले असल्यास तसे कळवावे. टाकून दिले असल्यास तेही कळवावे. बिडी निघाली, तरी हरकत नाही. तसे अर्जदाराच्या भावाने त्याच वेळी मान्य केलेले आहे. नुकसानभरपाईची मागणी नाही. कोणाविरुद्ध कारवाईची मागणी नाही. उत्तर एका ओळीचे असले तरी चालेल, हिंदीत असले तरी चालेल, ते मी त्याला त्याच्या बोलीत सांगेन. पत्राऐवजी प्रत्यक्ष बोलावयाचे झाल्यास कृपया खालच्या मजल्यावर बोलवावे. त्याला आता जिना चढवत नाही.